विरघळले, पण नाहीसे झाले नाही

(विद्राव्यता, विसरण व मिश्रणांचे पृथक्करण : इयत्ता सहावी व सातवीसाठी पाठटिपण)

पाठाचे प्रयोजन

पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ टाकून ढवळले आणि "मीठ कोठे गेले?" असे विचारले, तर वर्गातून बहुधा तीन प्रकारची उत्तरे येतात. काही मुले म्हणतात, "मीठ संपले." काही म्हणतात, "मिठाचे पाणी झाले." काही पाठांतराच्या बळावर सांगतात, "मीठ विरघळले." पहिली दोन उत्तरे बरोबर नाहीत हे उघड आहे. परंतु तिसरे उत्तरही पुष्कळदा नुसता शब्द असतो. ज्याने तो उच्चारला त्याला आणखी एक प्रश्न विचारून पाहावा : "घातले तेवढे मीठ परत मिळेल काय?" येथे वर झालेले हात खाली येऊ लागतात.

प्रस्तुत पाठमालेचा सारा भर या दुसऱ्या प्रश्नावर आहे. विरघळलेला पदार्थ दिसेनासा होतो, पण नाहीसा होत नाही. ही गोष्ट मुलाच्या मनात एकदा पक्की बसली की विद्राव्यता, विसरण व पृथक्करण ही प्रकरणे त्याला सुटी सुटी वाटत नाहीत. तिचा उपयोग परीक्षेपुरताही राहत नाही. गावातील माणूस विहिरीचे पाणी ओंजळीत घेतो, ते निवळशंख दिसले की निःशंकपणे पितो. डोळ्यांना न दिसणारे पुष्कळ काही पाण्यात असू शकते, हे ज्याने शाळेत स्वतःच्या हाताने करून पाहिले, तो मोठेपणी पाण्याची परीक्षा केवळ डोळ्यांनी करणार नाही. या पाठांचे खरे फलित तेच आहे.

साहित्य

काचेचे चार-पाच पेले, एक मापपात्र, दुकानातील तराजू व वजने, मीठ, साखर, तुरटी, बारीक वाळू, लाकडाचा भुसा, लोखंडाचा कीस, लोहचुंबक, जुन्या धोतराचे स्वच्छ फडके, गाळणकागद, पानाला लावण्याचा चुना, पपईच्या पानाचा पोकळ देठ आणि पोटॅशियम परमँगनेटचे थोडे खडे. यांपैकी बहुतेक वस्तू गावातच मिळतात. प्रयोगशाळेतील कोणताही पदार्थ मुलांनी चाखून पाहू नये, हा नियम पहिल्या दिवशीच घालून द्यावा. चव पाहावयाची असेल तेथे स्वयंपाकघरातील स्वच्छ भांडे व खाण्याचेच मीठ वापरावे.

पहिला पाठ : विरघळणे म्हणजे काय?

एका भांड्यात ५०० ग्रॅम पाणी तोलून घ्यावे. दुसऱ्या बाजूस ५० ग्रॅम मीठ तोलावे. मीठ पाण्यात घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपले भाकीत पाटीवर लिहावे : मीठ दिसेनासे झाल्यावर पाण्याचे वजन ५०० ग्रॅमच राहील, ५५० ग्रॅम होईल, की या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येईल? भाकीत लिहून घेणे महत्त्वाचे आहे. न लिहिलेले भाकीत प्रयोगानंतर हळूच बदलते, आणि मग प्रयोगाने काही शिकविले असे होत नाही.

आता मीठ पूर्णपणे विरघळवून भांडे पुन्हा तोलावे. भांड्याचे वजन वजा केले असता ५५० ग्रॅम भरतील. पाटीवरील आकडे व तराजूचा आकडा यांची तुलना मुलांनीच करावी. मीठ डोळ्यांना दिसत नाही, परंतु तराजू त्याची साक्ष देतो.

यानंतर या खाऱ्या पाण्यातील ५५ ग्रॅम, म्हणजे बरोबर दहावा हिस्सा, एका पसरट थाळीत ओतून उन्हात ठेवावा. धूळ पडू नये म्हणून वर पातळ कापड ताणून बांधावे. पाणी आटल्यावर थाळीत पांढरे कण उरतील. ते किती असावेत याचे गणित मुलांकडून करवून घ्यावे. ५० ग्रॅमचा दहावा हिस्सा ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यास थोडे कमी. उरलेले मीठ चमच्यात भरून पाहिले की मुलांना हिशेब जुळल्याचा आनंद होतो. या आनंदाला घाई करू नये.

येथे तीन संज्ञा द्याव्यात. जो पदार्थ विरघळतो तो द्राव्य, ज्यात विरघळतो तो द्रावक आणि दोहोंचे मिळून झालेले एकजीव मिश्रण ते द्रावण. मिठाच्या पाण्यात मीठ द्राव्य व पाणी द्रावक होय. 'एकजीव' या शब्दाचा अर्थ नीट उलगडावा. पेल्याच्या वरच्या थरातील, मधल्या थरातील व तळच्या थरातील पाणी सारखेच खारट असते आणि ते कितीही दिवस झाकून ठेवले तरी मीठ तळाशी बसत नाही. उलट पाण्यात माती ढवळली तर पाणी गढूळ होते आणि काही वेळाने माती खाली बसते. माती विरघळलेली नसते, तरंगत असते. अशा मिश्रणास निलंबन म्हणतात.

"विरघळणे" व "वितळणे" या शब्दांत मुले नेहमी गल्लत करतात. तूप उन्हाने वितळते, त्यास दुसऱ्या पदार्थाची गरज नसते. साखर पाण्यात विरघळते, तिला द्रावक लागतो. हा भेद उदाहरणे देऊन दृढ करावा.

दुसरा पाठ : किती विरघळते?

पाणी साऱ्या पदार्थांना सारखेच सामावून घेत नाही. तीन पेल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी घ्यावे. एकात मीठ, दुसऱ्यात साखर व तिसऱ्यात वाळू चमच्याचमच्याने घालीत जावे व प्रत्येक वेळी पुरेसे ढवळावे. साधारण ३६ ग्रॅमपर्यंत मीठ विरघळते. त्यापुढे घातलेले मीठ कितीही ढवळले तरी तळाशी राहते. साखर मात्र सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या वजनाच्या दुप्पट विरघळते. वाळू मुळीच विरघळत नाही. ठरावीक तापमानास ठरावीक पाण्यात पदार्थ जास्तीत जास्त जेवढा विरघळतो, त्या मर्यादेस त्याची विद्राव्यता म्हणतात. जे द्रावण या मर्यादेस पोचले ते संपृक्त द्रावण.

पाणी तापविले असता काय होते? मिठाच्या बाबतीत फारसे काही घडत नाही. उकळत्या पाण्यातही १०० ग्रॅमला सुमारे ३९ ग्रॅमच मीठ मावते. साखर व तुरटी यांची विद्राव्यता मात्र पुष्कळ वाढते. कढत पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवून द्रावण गाळून घ्यावे, त्यात एक दोरा सोडावा व भांडे न हलविता रात्रभर ठेवावे. पाणी थंड झाले की जास्तीची तुरटी दोऱ्याभोवती स्फटिकरूपाने जमलेली दिसेल. खडीसाखरेच्या खड्यात दोरा का सापडतो, हे मग मुलांना सांगावे लागत नाही.

वायूंची रीत याच्या उलट आहे. पाणी चुलीवर ठेवले की उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी भांड्याच्या अंगास बारीक बुडबुडे धरतात. ते मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात. पाणी जसजसे तापते तसतशी हवा विरघळण्याची मर्यादा कमी होते. मासे या विरघळलेल्या हवेतील प्राणवायूवर जगतात. म्हणून कडक उन्हाळ्यात डबक्याचे पाणी उथळ व ऊन झाले की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात.

द्रावणात द्राव्य किती आहे, म्हणजे द्रावणाची तीव्रता किती आहे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. एका पेल्यात अर्धा चमचा व दुसऱ्यात दोन चमचे मीठ विरघळवून दोन्ही पेले शेजारी ठेवावेत. दोन्ही सारखेच स्वच्छ दिसतील. ही गोष्ट किती गंभीर असू शकते याचे उदाहरण प्रत्येक घरातले आहे. जुलाब झालेल्या मुलास मीठसाखरेचे पाणी देतात. त्याचे घरगुती माप १ लिटर स्वच्छ पाण्यास चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ असे आहे. मीठ प्रमाणाबाहेर झाले तर तेच पाणी बालकास घातक ठरते, आणि फार कमी झाले तर गुण येत नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मापून केलेले द्रावण रोग्यांस तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. पदार्थ साधेच होते. त्यांचे माप अचूक होते. हे उदाहरण सांगून झाल्यावर प्रत्येक मुलाकडून 'सपाट चमचा' प्रत्यक्ष भरवून घ्यावा. शीग लावलेला चमचा व सपाट चमचा यांतील फरक तराजूवर दाखवावा.

तिसरा पाठ : विसरण

एका पेल्यात पाणी घेऊन ते अगदी स्थिर होऊ द्यावे. मग पोटॅशियम परमँगनेटचा एक लहान खडा हळूच तळाशी सोडावा व पेला हलवू नये. खड्याभोवती जांभळा रंग दिसू लागतो. तासाभराने, दुपारच्या सुट्टीनंतर व शाळा सुटताना रंग कोठवर चढला, हे पेल्याच्या बाहेर चिकटविलेल्या कागदाच्या पट्टीवर रेघ ओढून नोंदवावे. दुसरा पेला कोमट पाण्याचा ठेवल्यास त्यात रंग लवकर पसरलेला आढळेल.

कोणी ढवळले नसता रंग पसरला कसा? पाण्याचे रेणू सदैव हालचाल करीत असतात आणि त्यांच्या धडकांनी विरघळलेले कण इकडून तिकडे ढकलले जातात. इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ साली परागकणांतील सूक्ष्म कण पाण्यात सतत थरथरताना सूक्ष्मदर्शकातून पाहिले. त्या थरथरीचे गणिती स्पष्टीकरण आल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९०५ साली दिले. जेथे कणांची दाटी आहे तेथून विरळ जागेकडे कणांचे असे आपोआप पसरणे, यास विसरण म्हणतात. उष्णतेने रेणूंची गती वाढते, म्हणून कोमट पाण्यात विसरण जलद होते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट पुस्तकात बहुधा राहून जाते : विसरण अतिशय मंद असते, आणि अंतर वाढले की ते अधिकच मंद होते. अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो. अंतर दहापट झाले तर वेळ शंभरपट लागतो. पूर्ण स्थिर पाण्यात विरघळलेला पदार्थ १ सेंटिमीटर अंतर पसरण्यास साधारण अर्धा दिवस लागतो असे धरावे. मग १ मीटर अंतरास किती? अंतर १०० पट, म्हणून वेळ १०० × १०० म्हणजे १०,००० पट. हिशेब ५,००० दिवसांचा, म्हणजे साडेतेरा वर्षांहून अधिक होतो! सातवीच्या मुलांकडून हे गणित फळ्यावर करवून घ्यावे. पेल्यात रंग याहून लवकर चढलेला दिसला तर त्याचे कारणही सांगावे. खडा सोडताना पाणी हलते, उन्हाने एका बाजूस तापते, आणि अशा लहान प्रवाहांबरोबर रंग वाहत जातो. वर्गात उदबत्तीचा वास क्षणात पोचतो, त्यातही हवेच्या झुळकांचा वाटा मोठा असतो.

हे गणित पुढे विहिरीच्या पाठात उपयोगी पडावयाचे आहे. म्हणून ते वहीत जपून ठेवण्यास सांगावे.

चौथा पाठ : मिश्रणांचे पृथक्करण

शेतकऱ्याच्या घरातील मुलास पृथक्करण नव्याने शिकवावे लागत नाही; त्याला ते करता येते, फक्त नाव ठाऊक नसते. खळ्यावर वाऱ्याशी धान्य उफणतात, तेव्हा हलका भुसा दूर उडतो व जड दाणा पायाशी पडतो. चाळणीतून पीठ खाली जाते व कोंडा वर राहतो. डाळीतील खडे रंगारूपावरून निवडतात. ताक घुसळले की लोणी वर येते. प्रत्येक ठिकाणी कोणत्या भेदाचा उपयोग केला, हे मुलांकडून वदवून घ्यावे : वजनाचा, आकाराचा, रूपाचा, की तरंगण्याचा? यावरून नियम निघतो. मिश्रणातील घटक वेगळे करावयाचे तर आधी त्यांच्यातील भेद शोधावा. भेद सापडला की रीत आपोआप सुचते.

आता कसोटीचा प्रयोग द्यावा. वाळू, मीठ, लाकडाचा भुसा व लोखंडाचा कीस एकत्र कालवून प्रत्येक गटास मूठभर द्यावा आणि चारही पदार्थ वेगळे करून मागावेत. कृती आधी सांगू नये. गटाने आपापसांत विचार करून पायऱ्यांचा क्रम लिहावा व मगच हात घालावा. योग्य क्रम बहुधा असा निघेल : कागद गुंडाळलेल्या चुंबकाने कीस काढणे, उरलेल्यात पाणी घालून वर आलेला भुसा निथळून घेणे, मीठ पूर्ण विरघळल्यावर पाणी फडक्यातून गाळणे व वाळू धुऊन वाळविणे, शेवटी खारे पाणी आटवून मीठ मिळविणे. एखादा गट कोरडे मिश्रण आधी पाण्यात टाकील आणि ओल्या भुशात व वाळूत चुंबक फिरवीत बसेल. त्यास थांबवू नये. क्रम का महत्त्वाचा, हे त्यालाच सर्वांत चांगले समजेल.

निवळणे, निथळणे, गाळणे, बाष्पीभवन, स्फटिकीभवन व ऊर्ध्वपातन या रीतींची नावे प्रयोगानंतर द्यावीत. ऊर्ध्वपातनासाठी खास उपकरण नसले तरी चालते. खारे पाणी उकळत असता भांड्यावर गार पाण्याने भरलेली थाळी ठेवावी. थाळीच्या बुडास जमलेले थेंब स्वच्छ चमच्यात गोळा करावेत. ते खारट लागत नाहीत. बाष्पीभवनात मीठ मिळते व पाणी जाते. ऊर्ध्वपातनात गेलेले पाणीही हाती येते.

याच रीती मोठ्या प्रमाणावर कोठे वापरतात, याचे उत्तम उदाहरण कोकण किनाऱ्यावरील मिठागरे होत. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाने गाजलेले शिरोडे हे त्यांपैकीच एक ठिकाण. भरतीचे पाणी उथळ कप्प्यांत घेऊन उन्हाने आटवितात. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सर्व क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम असतात. संपृक्त होण्यास १ लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ लागते. यावरून मुलांना विचारावे, मीठ पडू लागण्यापूर्वी पाणी किती आटले पाहिजे? साधारण दहा भागांतील नऊ भाग. त्याआधीच, कमी विद्राव्य असलेला जिप्सम वेगळा होऊन तळाशी बसतो. मीठ पडून गेल्यावर जे कडवट पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. पूर्वी मीठकामगारांनी विद्राव्यतेचे आकडे कधी पाहिले नसतील. परंतु कोणते पाणी केव्हा कोणत्या कप्प्यात सोडावे व कडू पाणी केव्हा काढून टाकावे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असे.

पाचवा पाठ : निवळ पाणी व शुद्ध पाणी

हा पाठ साऱ्या पाठमालेचा कळस समजावा. प्रारंभी मुलांसमोर दोन पेले ठेवावेत. एकात पिण्याचे पाणी व दुसऱ्यात चुन्याची निवळी असावी. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला व वरचे स्वच्छ पाणी अलगद ओतून घेतले की निवळी मिळते. दोन्ही पेले सारखेच दिसतात. आता शिक्षकाने पपईचा धुतलेला देठ निवळीत बुडवून हळूहळू फुंकावे. फुंकताना द्रव तोंडात ओढला जाणार नाही याची काळजी घ्यावी व हे काम मुलांकडे देऊ नये. निवळी दुधासारखी पांढरी होते. श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडने विरघळलेल्या चुन्याचा खडू बनविला आणि जो दिसत नव्हता तो दिसू लागला. फुंकर पुष्कळ वेळ चालू ठेवली तर दुधट पाणी पुन्हा निवळते, कारण खडू वेगळ्या रूपात पाण्यात उतरतो. खडकांतून झिरपलेले विहिरीचे पाणी अशाच तऱ्हेने जड होते, आणि ते उकळले की भांड्याच्या आत पांढरे कीट धरते.

स्वच्छ दिसणे म्हणजे शुद्ध असणे नव्हे, याची किंमत माणसाने फार मोठी दिली आहे. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने थोड्याच दिवसांत शेकडो माणसे दगावली. तेथील सार्वजनिक पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून नावाजलेले होते. हॅम्पस्टेडला राहावयास गेलेली एक वृद्ध बाई त्या चवीसाठी ते पाणी मुद्दाम मागवून घेई. ती त्याच साथीत मरण पावली, आणि तिच्या परिसरात दुसरे कोणी आजारी नव्हते. डॉ. जॉन स्नो यांनी कोण कोठले पाणी पितो याची घरोघर चौकशी करून दोष पंपाच्या पाण्याकडे असल्याचे दाखविले, व ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. विशेष असे की, स्नो यांनी पाणी तपासले तेव्हा त्यांनाही त्यात फारसे वावगे दिसले नव्हते.

पाण्यातील अपायकारक वस्तू तीन आकारांच्या असू शकतात, आणि प्रत्येकीस वेगळी रीत लागते. हे पुढील तीन उदाहरणांनी शिकवावे.

पहिले उदाहरण नारूचे. नारूचा रोग ज्या सूक्ष्म जलचरामार्फत पोटात जाई, तो सायक्लॉप साधारण एक-दोन मिलिमीटरचा, निरखून पाहिल्यास डोळ्यांना दिसणारा असतो. तो कापडात अडकतो. म्हणून दाट विणीच्या फडक्याने पाणी गाळणे आणि पायविहिरीत उतरून पाणी भरण्याची पद्धत बंद करणे, या उपायांवर भर देण्यात आला. नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ साली सुरू झाला. शेवटचा रोगी १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या रोगावर लस नव्हती व खात्रीचे औषधही नव्हते. चौथ्या पाठातील 'गाळणे' ही साधी रीत येथे कामी आली.

दुसरे उदाहरण कॉलऱ्याचे. त्याचा जंतू मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढाच असतो. तो सुटा असला की कापडाच्या विणीतून सहज पार जातो. तुरटी फिरवून किंवा निवळीचे बी भांड्यास आतून घासून गढूळ पाणी निवळते, कारण मातीचे बारीक कण एकत्र येऊन खाली बसतात. परंतु अशा निवळलेल्या पाण्यातही जंतू शिल्लक राहू शकतात. येथे पाणी उकळावे लागते किंवा त्यात क्लोरीन मिसळावा लागतो.

तिसरे उदाहरण फ्लोराइडचे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इत्यादी जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात ते आढळते. फ्लोराइड पाण्यात मिठाप्रमाणे विरघळलेले असते. ते कापडाने अडत नाही आणि उकळण्याने जात नाही. उलट पाणी आटते व राहिलेल्या पाण्यातील त्याचे प्रमाण किंचित वाढते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा उद्भव नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे सुमारे ६६७ लिटर पाण्यात अवघा १ ग्रॅम! याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे जखडतात. त्याची परीक्षा प्रयोगशाळेतच होते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी व चुना मोजून घालून फ्लोराइड गाळाबरोबर खाली बसवितात. त्यासाठी मात्रा जाणत्याने ठरवावी लागते. घरी अंदाजाने तुरटी फिरविण्याने हे काम होत नाही.

विहिरीतील औषध : चारही पाठांची उजळणी

ग्रामपंचायतीच्या विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकण्याचे काम मुलांना दुरून दाखवावे. ही पूड मुलांच्या हाती देऊ नये. ती श्वासात गेल्यास व डोळ्यांत उडाल्यास इजा करते. वर्गात शिकलेले सर्व काही या एका कामात पाहावयास मिळते.

प्रथम मोजमाप. विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर पाण्याचे घनफळ ३.१४ × १.५ × १.५ × ४ = २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर भरते. दर १,००० लिटरला चांगल्या प्रतीची सुमारे २.५ ग्रॅम पूड या हिशेबाने ७१ ग्रॅम पूड लागेल. पाणी अधिक दूषित असल्यास किंवा पूड जुनी झाली असल्यास मात्रा वाढवावी लागते, कारण उघड्या डब्यातील पुडीचा क्लोरीन उडून जातो. पूड बादलीत थोड्या पाण्याने कालवून मग पाणी वाढवितात. क्लोरीनचा अंश पाण्यात उतरतो. पाच-दहा मिनिटांत न विरघळलेला चुना तळाशी बसतो. हे निवळणे झाले. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत अलगद ओतून घेतात व चुना टाकून देतात. हे निथळणे झाले.

आता शेवटची पायरी. ते पाणी वरून नुसते ओतून निघून गेल्यास काय होईल? येथे मुलांनी विसरणाचे गणित काढावे. विहिरीत थोडेफार प्रवाह असतात हे खरे, परंतु आपोआप पसरण्याच्या भरवशावर राहिल्यास क्लोरीन वरच्याच थरात बराच वेळ राहील व त्याचा जोर तेथेच संपेल. खालच्या पाण्यातील जंतू तसेच राहतील. म्हणून औषधाच्या पाण्याची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली व चहूबाजूंनी जोराने हलवावी लागते. त्यानंतर निदान एक तास पाणी उपसू नये. तासाभराने पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला म्हणजे काम पुरे झाले. ही तपासणी जलसुरक्षक ओटी चाचणीने करतो. पूड टाकल्याची नोंद वहीत असली आणि बादली हलविली गेली नसली, तर गाव सुरक्षित झाले असे समजता येत नाही. बादली का हलवावयाची, हे सांगू शकणारे एक मूल गावात असले तरी या पाठांचे श्रम कारणी लागले.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. ४०० ग्रॅम पाण्यात ६० ग्रॅम साखर विरघळविली. द्रावणाचे वजन किती? त्यातील ४६ ग्रॅम द्रावण आटविल्यास किती साखर उरेल?

२. दोन पेल्यांतील पाणी सारखेच स्वच्छ दिसते. एकात मीठ आहे. चव न पाहता ते कसे ओळखाल? दोन रीती सांगा.

३. कापूर, वाळू व मीठ यांचे मिश्रण झाले आहे. उघड्या डबीतील कापूर ओला न होता उडून जातो, हे लक्षात घेऊन तिन्ही पदार्थांतील भेद लिहा.

४. नारूस जो उपाय लागू पडला तो फ्लोराइडला का लागू पडत नाही?

५. आपल्या गावातील एका विहिरीचा व्यास व पाण्याची खोली वडीलधाऱ्यांच्या मदतीने काठावरूनच मोजवून घ्या, पाण्याचे घनफळ काढा व पुडीची मात्रा ठरवा. आपले उत्तर जलसुरक्षकाच्या नोंदवहीशी ताडून पाहा. दोहोंत फरक आढळल्यास त्याचे कारण नम्रपणे विचारा व उत्तर वहीत लिहा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर तपासताना शिक्षकाने केवळ गणित पाहू नये. मुलाने काय विचारले आणि त्यास काय उत्तर मिळाले, हेही वर्गात मोठ्याने वाचून घ्यावे.